मोटरबोटीचा ब्रँड आणि डीलरची कार्यशाळा

मिनेसोटात बोट घेऊ पाहणारे ओळखीचे मराठी लोक बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात: कोणत्या कंपनीची बोट चांगली? प्रश्न सरळ असला, तरी अमेरिकेतील मोटरबोटींच्या व्यवसायाची रचना लक्षात घेतली तर तो अपुरा आहे. येथे बोट बांधणारी कंपनी ग्राहकाला क्वचितच भेटते. ती बोट डीलरला विकते, डीलर ती ग्राहकाला विकतो, आणि त्या ब्रँडविषयी ग्राहकाचे पुढे जे मत बनते ते मुख्यतः डीलरच्या कार्यशाळेत बनते. गावाकडे ट्रॅक्टर घेताना शेतकरी रंग आणि अश्वशक्ती पाहतो खरा, पण पेरणीच्या दिवसांत मेकॅनिक किती वेळात बांधावर येईल, हेही विचारून घेतो. बोट घेणारे मात्र हा प्रश्न सहसा विचारत नाहीत.

याचे पहिले कारण तांत्रिक आहे. बहुतेक बोट-कंपन्या इंजिन बनवत नाहीत. सांगाडा एका कंपनीचा, तर मागे टांगलेले आउटबोर्ड इंजिन यामाहा, मर्क्युरी किंवा सुझुकीचे असते. ते इंजिन बसवणे, त्याची उंची ठरवणे, बॅटऱ्यांची आणि उपकरणांची जोडणी करणे आणि प्रोपेलर निवडणे ही कामे अनेकदा डीलरकडेच होतात. पूर्ण वेग दिल्यावर इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांपर्यंत पोहोचले पाहिजे, हे इंजिनाची कंपनी ठरवून देते. अनेक आउटबोर्ड इंजिनांसाठी ही मर्यादा ५,००० ते ६,००० च्या दरम्यान असते. डीलरने जास्त पिचचा, म्हणजे एका फेरीत अधिक अंतर कापू पाहणारा, प्रोपेलर लावला तर इंजिन तेथपर्यंत पोहोचत नाही, चार माणसे बसली की बोट पाण्यावर उचलली जात नाही, आणि मालक सर्वांना सांगतो की या कंपनीच्या बोटी मंद असतात. त्याच कारखान्यातून त्याच आठवड्यात निघालेली दुसरी बोट जाणत्या डीलरकडे गेलेली असते आणि तिचा मालक पूर्ण समाधानी असतो.

हिवाळ्याचेही तसेच आहे. ज्या इंजिनांना थंड ठेवण्यासाठी तळ्याचेच पाणी आत फिरवले जाते, त्यांतून ते पाणी ऑक्टोबरपर्यंत पूर्ण काढून टाकावे लागते. एखाद्या कोपऱ्यात राहिले तर ते गोठते, फुगते आणि लोखंडी ब्लॉकला तडा जातो. हे काम डीलरच्या कामगाराने घाईत उरकलेले असले, तरी वसंतात ग्राहकाच्या तोंडी दूषण येते ते बोटीवर लिहिलेल्या नावाला.

वॉरंटीचा हिशेब तर अधिकच गुंतागुंतीचा आहे. प्रत्येक दुरुस्तीला किती वेळ लागावा हे उत्पादक आधीच ठरवतो आणि तेवढ्याच वेळाची मजुरी डीलरला देतो. दोष शोधण्यात गेलेला वेळ किंवा बोट तळ्यावर नेऊन केलेली चाचणी यांचे पैसे पूर्ण मिळतीलच असे नसते. त्यामुळे पैसे मोजणारा ग्राहक आणि वॉरंटीचा ग्राहक एकाच दिवशी दारात आले, तर कोणाची बोट आधी आत घेतली जाईल हे सांगायला नको. त्यातही, दोनशे मैलांवरच्या डीलरकडून काही डॉलर स्वस्तात बोट घेतलेला माणूस रांगेत शेवटी असतो. आमच्या तळ्यावरील एका परिचिताची बोट इंधनपंपाच्या दोषामुळे जून आणि जुलै हे दोन्ही महिने जवळच्या डीलरच्या आवारात पडून राहिली. जेथे हंगामच मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा, तेथे याचा अर्थ वर्ष वाया गेले असाच होतो. पंप इंजिनाच्या कंपनीचा होता आणि दिरंगाई डीलरची होती. ते गृहस्थ मात्र आजही बोट-कंपनीलाच नावे ठेवतात. मला त्यात फारसे गैर वाटत नाही, कारण आपला डीलर कोण असावा हे त्या कंपनीनेच ठरवले होते.

आता विक्रीकडे पाहू. सामान्यतः बोट कारखान्यातून डीलरकडे रवाना झाली की उत्पादकाच्या वहीत ती विक्री म्हणून नोंदली जाते, मग ती शोरूमच्या मागच्या आवारात दोन वर्षे का उभी राहीना. डीलर ती स्वतःच्या पैशाने घेत नाही. या व्यवसायात ‘फ्लोअरप्लॅन’ म्हणून ओळखले जाणारे कर्ज वित्तसंस्था देते आणि बोट विकली गेली की डीलर ते फेडतो. डीलर बुडाला तर न विकलेल्या बोटी आपण परत विकत घेऊ, अशी हमी उत्पादकाने अनेकदा त्या वित्तसंस्थेला दिलेली असते. बाजार चढता असतो तोवर या व्यवस्थेत सर्वांचे भले होते. बाजार उतरला की कारखाना चालू ठेवण्यासाठी डीलरच्या गळ्यात माल बांधण्याचा मोह उत्पादकाला होतो आणि काही महिने आकडे चांगले दिसतातही. व्याजाने टेकीला आलेला डीलर मग ती बोट मिळेल त्या भावाने काढतो; नवी बोटच स्वस्त मिळू लागल्याने त्याच ब्रँडच्या जुन्या बोटींची किंमत कोसळते; आणि ज्यांनी दोन वर्षांपूर्वी पूर्ण भाव मोजला होता, ते त्या ब्रँडकडे पुन्हा फिरकत नाहीत. ब्रँडची पत मला येथे सर्वाधिक खर्च होताना दिसते, आणि तो खर्च कोणत्याही ताळेबंदात दाखवला जात नाही.

२००८-०९ च्या मंदीत हे सारे एकदम घडले. टेक्स्ट्रॉनसारख्या वित्तसंस्थेने या कर्जव्यवहारातून अंग काढून घ्यायचे ठरवले, डीलर अडचणीत आले आणि आमच्याच मिनियापोलिसची जेनमार ही कंपनी जून २००९ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. लार्सन, ग्लास्ट्रॉन, वेलक्राफ्ट, फोर विन्स, रेंजर अशी नावाजलेली नावे तिच्या छत्राखाली होती. बोटी वाईट नव्हत्या. पुढे नव्या मालकांनी ही नावे विकत घेतली यावरूनच ते दिसते. २०२०-२१ मध्ये साथीच्या काळात उलटे घडले आणि शोरूम रिकाम्या झाल्या. त्यानंतर व्याजदर चढले, मागणी ओसरली आणि आवारे पुन्हा भरली. एप्रिल २०२४ मध्ये टॉमीज या मोठ्या डीलर-साखळीने मालिबू बोट्स या उत्पादक कंपनीवर दावा ठोकला. आपल्यावर गरजेपेक्षा अधिक बोटी लादल्या गेल्या, हा त्यातील आरोप मालिबूने नाकारला, आणि पुढच्याच महिन्यात टॉमीजने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. न्यायालयात कोण खरे ठरते हा भाग वेगळा. पण ज्याने टॉमीजकडून मालिबू घेतली होती, त्याला वॉरंटीसाठी दुसरे दार शोधणे भाग पडले.

डीलर उत्पादकावर अवलंबून असतो तसा उत्पादकही डीलरवर असतो, हे इंजिनांच्या इतिहासात आणखी स्पष्ट दिसते. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास आउटबोर्ड इंजिनाचा धंदा उभा केला. पुढे एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावे आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनकडे होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या कंपनीच्या नव्या थेट इंधन-फवारणीच्या इंजिनांत दोष निघाले, आणि संतापलेल्या ग्राहकांना तोंड देण्याचे काम काउंटरमागे उभ्या असलेल्या डीलरवर आले. डिसेंबर २००० मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. बोंबार्डियरने २००१ मध्ये इंजिनांचा व्यवसाय घेतला आणि नंतरची ई-टेक इंजिने अनेक जाणकारांनी वाखाणली, तरी यामाहा किंवा मर्क्युरीचा फलक एकदा लावलेल्या डीलरला मागे फिरण्याचे कारण उरले नव्हते. मे २०२० मध्ये बोंबार्डियरमधून वेगळ्या झालेल्या बीआरपी या कंपनीने एव्हिनरूडचे उत्पादन कायमचे थांबवले. त्यासाठी साथीचे कारण दिले गेले. माझ्या मते दुकानातील जागा त्याच्या कितीतरी आधी गेली होती.

डीलर फार मोठा झाला तरी पेच सुटत नाही. १९९८ मध्ये काही डीलर एकत्र येऊन मरीनमॅक्स ही कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी ती शेअर बाजारात आली. तिच्या विक्रीचा मोठा हिस्सा ब्रन्सविक या उत्पादक समूहाच्या सी रे बोटींचा होता. २०१८ मध्ये ब्रन्सविकने सी रेची मोठ्या यॉट्सची श्रेणीच बंद केली, तेव्हा इतक्या मोठ्या डीलरलाही ते निमूटपणे स्वीकारावे लागले. मरीनमॅक्सने तोवर इतर ब्रँड जोडले होतेच. २०२१ मध्ये तिने क्रूझर्स यॉट्स आणि इंट्रेपिड या दोन उत्पादक कंपन्याच विकत घेतल्या, म्हणजे दुकानदारच कारखानदार झाला.

उलट दिशेनेही प्रयत्न झाले आहेत. जॉनी मॉरिस यांनी १९७८ मध्ये बोट, इंजिन आणि ट्रेलर एकत्र बांधून एकाच किमतीत विकणारी बास ट्रॅकर बाजारात आणली आणि पुढे घासाघीस न करता एकच भाव हे धोरण ठेवले. मासेमारीचे सामान विकणारी स्वतःची दुकाने हाताशी असल्याने त्यांना ते जमले. सर्वांना जमण्यासारखे ते नाही. ब्रन्सविकने २०१९ मध्ये फ्रीडम बोट क्लब विकत घेतला. तेथे सभासद वर्गणी भरून बोट वापरतो, आणि देखभाल व हिवाळ्याची तयारी क्लबने करायची असते. डीलरच्या कार्यशाळेला वळसा घालण्याचा हा मला सर्वांत विचारपूर्वक वाटणारा प्रयत्न आहे, कारण बिघडलेली बोट येथे त्या समूहाच्याच क्लबचे नुकसान करते. मात्र यांतील बरेच क्लब फ्रँचायझी पद्धतीने चालतात, तेव्हा ज्या गावात क्लबचालक निष्काळजी असेल, तेथील सभासद नाव पुन्हा ब्रँडचेच घेणार.