नाटकवाल्यांचा ऑर्गन घरी आणताय?

ऑर्गन बघायला जाताना खिशात उदबत्ती, काडेपेटी आणि टॉर्च असू द्या. मालक चार पट्ट्या दाबून "वाजतोय की" म्हणेल, त्यावर जाऊ नका. पट्ट्यांच्या वर असलेल्या सगळ्या खुंट्या (स्टॉप) आत ढकला, एकही पट्टी दाबू नका, पायडल सात-आठ वेळा मारा आणि थांबून मनात आकडे मोजा. भाता अर्धा मिनिट दम धरून राहिला तर तब्येत बरी समजा. पाच मोजायच्या आत फुस्स झाला तर भात्याचं कापड गेलंय, आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच जाणार.

परदेशात जुन्या सिनेमागृहांतले वुर्लिट्झरचे पाइप ऑर्गन हौशी लोक घरात बसवतात. त्यांना नळ्यांसाठी वेगळ्या खोल्या आणि हवेसाठी विजेचा पंखा लागतो. आपल्या संगीत नाटकात रुळला तो पायाने चालणारा, पितळी सुरांचा ऑर्गन; सूर म्हणजे चौकटीत बसवलेली, हवेने थरथरून वाजणारी पितळी जीभ. त्याला एक भिंत आणि उचलायला चार माणसं पुरतात. संगीत नाटकवाल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं गुर्लहोसूर आमच्या बेळगाव जिल्ह्यातलं, त्यामुळे इकडच्या जुन्या वाड्यांत असं एखादं धूड कपड्यांच्या घड्या ठेवायला वापरात दिसलं तर नवल नाही. समोरच्या फळीवर एस्टे किंवा मेसन अँड हॅमलिन अशी अमेरिकन नावं असतील, तर तो हवा आत ओढणारा ऑर्गन.

हा फरक नीट समजून घ्या, कारण दुरुस्ती सगळी त्यावर आहे. आपली हातपेटी भात्यातली हवा सुरांतून बाहेर ढकलते, हा बाहेरची हवा सुरांतून आत ओढतो. पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या बेळगावात पेटीची जाण असलेली माणसं आहेत, पण पेटी दुरुस्त करणारा ऑर्गन उघडतो तेव्हा त्याचा हात सवयीने पेटीसारखा चालतो. पेटीचे सूर स्क्रूने फळीवर बसवलेले असतात. इथे प्रत्येक सूर लाकडी खाचेत सरकवलेला असतो आणि आकड्यासारख्या हुकाने ओढून काढावा लागतो. पकडीने जीभ धरून ओढली की सूर गेला.

उदबत्ती गळती शोधायला. एकाने पायडल मारायचं आणि दुसऱ्याने उदबत्ती भात्याच्या कडेकडेने हळूहळू न्यायची. पेटीत गळती असली तर धूर उडतो. इथे उलट होतं, सरळ वर जाणारी धुराची रेघ अचानक वाकते आणि फटीत शिरते. तिथे खडूने फुली मारा. पट्ट्यांच्या जवळ मात्र उदबत्ती नेऊ नका. पुष्कळ ऑर्गनांच्या पांढऱ्या पट्ट्यांवर सेल्युलॉइड असतं आणि ते भसकन पेटतं.

आणताना खालची छोटी चाकं आधी काढा. त्यांवर ढकलत नेलं की शंभर वर्षांचं लाकूड चाकाच्या भोकापाशी चिरतं. आरसा, वरची नक्षीची मांडणी, मागची फळी वेगळी बांधा. उरलेलं धड सव्वाशे-दीडशे किलो भरतं, ते टेम्पोत उभंच ठेवा, आडवं नाही. पायडल दोरीने वर बांधा, दोरी खुंट्यांवरून नेऊ नका आणि खाली गोणपाटावर जुनी गादी टाका.

घरी आल्यावर सगळ्यांचा हात आधी सुरांकडे जातो. तो आवरा. भाता गळत असेल तर हवेची ओढ कमी-जास्त होते, सूर कधी उशिरा बोलतो, कधी कापतो, आणि आपण उगीच सुराला दोष देतो. आधी खाली बघा. पायडलपासून भात्याकडे जाणारा पट्टा बहुधा तुटलेलाच असतो. तिथे सुती नवार लावा. नायलॉनची ताणते आणि पाय अर्धा फुकट जातो.

भात्याला रबर चढवलेलं पातळ सुती कापड लागतं. रेक्झिन जाड, घडीवर ताठ राहतं आणि दोन वर्षांत तडकतं. ते "चालतंय" म्हणणाऱ्याला नाही म्हणा. जुनं कापड फाडून टाकू नका, तोच तुमचा कापायचा नमुना. चिकटवायला सरसच. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी भांड्यात भांडं ठेवून साठेक अंशांवर पातळ करा. उकळला की त्याची पकड जाते. फेव्हिकॉलने काम लवकर होतं हे खरं, पण पुढच्या दुरुस्तीला तो सुटत नाही आणि कापडाबरोबर लाकूड सोलून निघतं. मोठ्या भात्याच्या आत दणकट स्प्रिंगा असतात. कापड कापण्याआधी त्या दाबून बांधा, नाहीतर बोटं सापडतात. भाता बंद करण्यापूर्वी आतले चामड्याचे पडदे बघून घ्या. कडक झालेला एक पडदा तसाच राहिला तर सगळं पुन्हा उघडायचं.

मग सूर. पाच सप्तकांच्या ऑर्गनला ६१ पट्ट्या, सुरांच्या दोन रांगा असतील तर १२२ सूर. तीस अंड्यांचे पाच ट्रे आणा, खळग्यांवर क्रमांक लिहा आणि काढलेला सूर लगेच त्याच्या खळग्यात. मुका सूर बहुतेक वेळा मेलेला नसतो. जीभ आणि चौकट यांत कापसाचा तंतू किंवा लाकडाचा भुगा अडकलेला असतो. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून सरकवा, मऊ ब्रशने मुळाकडून टोकाकडे झाडा, आडवं कधीच नाही. पॉलिश लावू नका, त्याने पितळ झिजतं आणि सूर हलतो. अचानक खाली उतरलेला सूर मात्र मुळाशी चिरलेला असतो. त्याला डाग देऊन उपयोग नाही, बदलायचाच.

कानशीने घासून सूर जुळवायचा मोह होतो. टोकाला घासलं की चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि घासलेलं पितळ परत येत नाही. जुना ऑर्गन आजच्या इलेक्ट्रॉनिक ट्यूनरशी जुळला नाही तर नाही जुळला. तबला आणि तंबोरा त्याला लावा.

पट्टी सोडली तरी आवाज चालू राहणं, ही पावसाळ्यातली तक्रार. पट्टीच्या खालची लाकडी काडी फुगून भोकात अडकते, किंवा झडपेखाली कचरा बसतो. काडीला ग्रॅफाइटची पूड लावा. तेल घातलं तर लाकूड आणखी फुगतं. बेळगावजवळच्या पावसाळी खानापूरकडे जून ते सप्टेंबर आतला सूरही ओढून निघत नाही, तेव्हा जोर न करता दिवाळीपर्यंत थांबा. कोरड्या अथणीला याच्या उलट. एप्रिलमध्ये खाचा मोकळ्या होतात आणि सूर झणझणतो, तिथे सुराच्या कडेला पातळ कागदाची एक पट्टी पुरते.

जागा निवडताना ओल येणारी भिंत, पूर्वेची खिडकी आणि देवघराचा शेजार टाळा. समईची काजळी चामड्यावर बसते. भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा. शहाबादी फरशी जुलैमध्ये घाम धरते, म्हणून खाली दोन लाकडी पट्ट्या. उंदरांना फेल्ट आणि चामडं दोन्ही आवडतं, त्यामुळे खालच्या मोकळ्या जागेला बारीक तारेची जाळी मारा आणि डांबरगोळ्या कापडात बांधून ठेवा.

पाय दुखतात म्हणून कोणी व्हॅक्युम क्लीनर जोडायचं सुचवेल. ऑर्गनला जेवढी ओढ लागते त्याच्या कितीतरी पट ओढ त्यात असते, आणि नुकतंच चिकटवलेलं कापड शिवणीपासून उलगडतं. मोटर बसवायचीच असेल तर जादा हवा सोडणारी झडप मध्ये घ्या. नाहीतर पायच बरे, ज्यांना वाजवायचं त्यांचे महिनाभरात तयार होतात.