८०,००० सँडविच आणि एक दत्तकपत्र

ऑगस्टमधली वॉशिंग्टनची हवा दमट असते. मेयॉनेज लावलेलं सँडविच अशा हवेत चार-पाच तास पिशवीत राहिलं की नासतं. एकाचं पोट बिघडलं तर तो त्याचा प्रश्न. लाखांच्या गर्दीत दहा हजारांचं बिघडलं तर मोर्चा तिथेच आटोपला. म्हणून २८ ऑगस्ट १९६३ च्या मोर्चासाठी छापलेल्या सूचना-पुस्तिकेत भाषणांच्या बरोबरीने शिदोरीलाही जागा होती: दोन वेळचं खाणं बरोबर घ्या, लवकर नासणारं काही नको, पीनट बटर आणि जॅमचं सँडविच चालेल, फळ चालेल, साधा केक चालेल. ज्यांना घरून आणणं जमणार नव्हतं त्यांच्यासाठी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये स्वयंसेवकांनी ८०,००० पाकिटं भरली. प्रत्येकात एक चीज सँडविच, केकचा तुकडा आणि एक सफरचंद. किंमत ५० सेंट.

मार्टिन लूथर किंग यांचे ‘आय हॅव अ ड्रीम’ हे शब्द ज्या मोर्चात उच्चारले गेले, तो कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीचा मोर्चा हाच. भाषण सगळ्यांना माहीत असतं. पण ज्याला कधी तालुक्याच्या गावी पाचशे माणसांचा मोर्चा काढायची वेळ आली आहे, त्याला खरं कुतूहल पाकिटांचं वाटेल, संडासांचं वाटेल, आणि बस कुठे लावल्या याचं वाटेल. ही सगळी कामं एका माणसाच्या टेबलावरून होत होती. त्याचं नाव बायर्ड रस्टिन.

जन्म १७ मार्च १९१२, वेस्ट चेस्टर, पेन्सिल्व्हेनिया. आजी-आजोबांनी वाढवलं, युद्धविरोधी अशा क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे संस्कार आजीकडून आले. आवाज गोड, एकेकाळी गायनावर गुजराण. दुसऱ्या महायुद्धात लष्करभरती नाकारली म्हणून तुरुंग. भारताला स्वातंत्र्य द्या म्हणून अमेरिकेत ब्रिटिशांविरुद्ध निदर्शनं केली म्हणून अटक. १९४८ मध्ये सत्याग्रहाचं तंत्र जवळून समजून घ्यायला ते भारतातही येऊन गेले. १९४७ मध्ये दक्षिणेतल्या बसमध्ये गोरे आणि काळे एकत्र बसून प्रवास करायचा, या उपक्रमात ते होते. त्याबद्दल नॉर्थ कॅरोलायनात साखळदंड घालून रस्त्यावर राबवून घेणारी शिक्षा झाली आणि तिचे २२ दिवस त्यांनी काढले. ती शिक्षा न्यायालयाने रद्द ठरवली २०२२ मध्ये, ते गेल्यानंतर ३५ वर्षांनी.

रस्टिन गे होते. लपवत नव्हते आणि मिरवतही नव्हते. त्या काळात हे ‘न लपवणं’ सगळ्यांत महाग पडायचं.

मोर्चाची जाहीर घोषणा जुलैच्या सुरुवातीला झाली. हातात जेमतेम आठ आठवडे. कचेरी न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत, १३० व्या रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत. जाहीर उद्दिष्ट एक लाख माणसांचं; आली अडीच लाखांच्या आसपास. वाहतूक सांभाळत होती रॅशेल हॉरोविट्झ नावाची तरुण कार्यकर्ती. दोन हजारांहून जास्त बस, २१ खास रेल्वेगाड्या आणि १० विमानं ठरवली गेली. एका बसमध्ये ४५ जण धरले तरी बसनेच ९०,००० होतात, आणि संध्याकाळी त्यातल्या प्रत्येकाला आपलीच बस सापडायला हवी. त्यासाठी प्रत्येक बसला एक प्रमुख. बसमध्ये कोण कोण आहे याची जबाबदारी त्याची. मुक्काम नाही: सकाळी यायचं, सूर्य मावळायला परतीला लागायचं. वार बुधवार. शनिवार-रविवार असता तर लोक रेंगाळले असते, आणि रेंगाळलेल्या गर्दीत पोलिसांना निमित्त मिळतं.

मैदानावर २२ प्रथमोपचार केंद्रं होती. अडीच लाखांच्या हिशोबाने एका केंद्रावर अकरा हजारांवर माणसं येतात, म्हणजे तशी थोडीच. पाण्यासाठी टाक्यांचे ट्रक आणि २१ तात्पुरते नळ. फिरते संडास काही शे. संडासांचा हिशोब किती माणसांमागे किती, इतक्या बारकाईने मांडला होता, हे रस्टिन पुढे मुलाखतींत अभिमानाने सांगत. ते बरोबरच होतं. गर्दी चिडते ती विचारांमुळे क्वचित. तहान, लघवी आणि ऐकू न येणं ही तीन कारणं पुष्कळ असतात.

ऐकू न येण्याबद्दल तर ते हट्टीच होते. ध्वनियंत्रणेवर हजारो डॉलर खर्च करायला बाकीचे नेते कुरकुरत होते. रस्टिन यांचं म्हणणं सरळ होतं: मागच्या माणसाला ऐकू आलं नाही तर तो पुढे रेटतो, आणि रेटारेटीतून चेंगराचेंगरी होते. चांगली यंत्रणा आली, बसवली गेली, आणि आदल्या दिवशी कोणीतरी तिची मोडतोड केली. किंग यांचे सहकारी वॉल्टर फॉन्ट्रॉय यांनी थेट केनेडींच्या न्याय खात्याकडे धाव घेतली, आणि लष्कराच्या संदेश विभागाने रातोरात ती दुरुस्त केली. ज्या सरकारच्या दारात मोर्चा येणार होता, त्याच सरकारच्या जवानांनी मोर्चाच्या वायरी जोडल्या.

बंदोबस्ताची युक्ती मला सगळ्यांत हुशारीची वाटते. गणवेशातले गोरे पोलीस गर्दीत शिरले की काय होतं हे दक्षिणेत सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय पोलिसांच्या संघटनेतले लोक सुट्टी काढून स्वयंसेवक म्हणून आले. रस्टिन यांनी त्यांना कचेरीच्या अंगणात शिकवलं: पिस्तूल नाही, दंडुका नाही, कोणी गोंधळ घातला तर हातात हात गुंफून त्याच्याभोवती कडं करायचं आणि ते कडं हळूहळू बाहेर न्यायचं. ज्यांची नोकरीच धाकावर चालते, त्यांना धाक न दाखवता गर्दी आवरायला शिकवणं सोपं गेलं नसणार.

एवढं करूनही गोष्टी चुकल्याच. सकाळी मैदान रिकामं होतं आणि पत्रकारांनी रस्टिन यांना घेरलं. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, हातातला कागद पाहिला आणि सांगितलं, सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं आहे. कागद कोरा होता. पुढे गर्दी इतकी वाढली की नेते अमेरिकी संसदेच्या सदस्यांना भेटत असतानाच लोक आपणहून लिंकन स्मारकाकडे चालू लागले. ‘मोर्चाच्या अग्रभागी नेते’ असा फोटो हवा होता, म्हणून नेत्यांना धावत येऊन मध्येच घुसावं लागलं. आणि ज्या चुकीला घाईचं कारण देता येणार नाही, ती म्हणजे बाई एकही मुख्य वक्ता नव्हती. संयोजन समितीतल्या ॲना अरनॉल्ड हेजमन यांनी आधीच लेखी आक्षेप घेतला होता. शेवटी कार्यकर्त्या डेझी बेट्स यांना थोड्याच वेळापुरता माईक मिळाला. वगळलं जाणं म्हणजे काय हे रस्टिन यांच्याइतकं तिथे कोणाला कळत असेल? तरीही.

कारण ते स्वतःच वगळले जाता जाता राहिले होते. इथून पुढची गोष्ट कागदांची आहे.

पहिला कागद जानेवारी १९५३ चा, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना शहरातल्या पोलिसांचा. रात्री उभ्या मोटारीत दोन गोऱ्या पुरुषांबरोबर रस्टिन सापडले. ‘अश्लील भटकेगिरी’ असं मराठीत म्हणता येईल अशा कलमाखाली ६० दिवसांची शिक्षा झाली. हे कलम मुद्दाम ढगळ होतं. कृत्य सिद्ध करायला जो पुरावा लागतो तो यात लागत नसे, म्हणून पोलीस गे पुरुषांवर ते सर्रास लावत, आणि वकीलही ‘मोठ्या कलमापेक्षा हे कबूल करा’ असा सल्ला देत. कबूल केलं की नाव कायमचं नोंदवहीत. ज्या शांततावादी संघटनेत ते बारा वर्षं काम करत होते, तिथली जागा गेली. १९५५ मध्ये एका क्वेकर संस्थेने शांततेवर पुस्तिका काढली. लिहिणाऱ्यांत रस्टिन होते, पण त्यांच्या नावामुळे पुस्तिका बदनाम होऊ नये म्हणून त्यांचं नाव आलं नाही.

दुसरा वार कागदाशिवाय झाला. १९६० मध्ये हार्लेमचे खासदार अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यांनी निरोप धाडला: ठरलेली निदर्शनं मागे घ्या, नाहीतर किंग आणि रस्टिन यांचे समलिंगी संबंध आहेत असं मी जाहीर करेन. ही निव्वळ थाप होती. पण किंग बिचकले आणि रस्टिन बाजूला झाले. पॉवेल स्वतः कृष्णवर्णीय, धर्मगुरू आणि लढ्यातलेच. गोऱ्या वंशवाद्याकडून घाव येणं अपेक्षित असतं. घरच्याने त्याच जागी बोट ठेवलं की ती जागा किती उघडी आहे ते सगळ्यांना कळतं.

म्हणून १९६३ मध्ये रस्टिन यांना मोर्चाचे संचालक करायला एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या संघटनेचे प्रमुख रॉय विल्किन्स यांनी ठाम विरोध केला. विल्किन्स वाईट माणूस नव्हते. विरोधक काय वापरतील याचा त्यांचा अंदाज पुढे अक्षरशः खरा ठरला. तोडगा काढला वयोवृद्ध कामगारनेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी: संचालक मी होईन, पण सहायक माझा मी निवडणार. निवडला तो रस्टिन यांना. पाटी रँडॉल्फ यांची, काम रस्टिन यांचं. आपल्याकडे सरपंच एक आणि कारभारी दुसरा असतो ना, तसंच. फक्त इथे कारभाऱ्याने काही बळकावलं नव्हतं.

१३ ऑगस्टला, मोर्चाला पंधरा दिवस असताना, सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी सिनेटमध्ये पॅसाडीनाच्या अटकेची नोंदच वाचून दाखवली आणि संसदेच्या अधिकृत नोंदीत घातली. कम्युनिस्ट, लष्करभरती चुकवणारा आणि विकृत असे तिन्ही शिक्के एकदम मारले. इथे थर्मंड यांचं गणित चुकलं. हल्ला वर्णद्वेष्ट्या सिनेटरकडून आल्यावर रस्टिन यांना काढणं म्हणजे थर्मंडपुढे मान तुकवणं झालं असतं. नेत्यांना, विल्किन्स यांच्यासकट, त्यांच्या पाठीशी उभं राहावंच लागलं. हाच मजकूर जूनमध्ये कुणा मित्राने कानात सांगितला असता तर रस्टिन यांना गुपचूप वगळलं गेलं असतं असं मला वाटतं. मोर्चानंतर ६ सप्टेंबरच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर दोघे होते, रँडॉल्फ आणि रस्टिन.

पॅसाडीनाच्या कागदाचा निकाल फेब्रुवारी २०२० मध्ये लागला. कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी रस्टिन यांना मरणोत्तर माफी दिली, आणि अशाच कलमांखाली शिक्षा झालेल्या इतरांसाठीही माफीचा मार्ग खुला केला.

आता शेवटचा कागद, घरातला. एप्रिल १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरजवळ रस्टिन यांची वॉल्टर नेगल यांच्याशी ओळख झाली. रस्टिन ६५ वर्षांचे, नेगल २७ चे, गोरे. दोघे न्यूयॉर्कच्याच चेल्सी भागातल्या पेन साउथ या सहकारी वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये राहत. वयातलं अंतर पाहता कोण आधी आजारी पडणार हे उघड होतं. लग्न अशक्य, त्याला न्यूयॉर्कमध्ये २०११ उजाडायचं होतं. मग इस्पितळात आत कोणाला सोडणार, वारस कोण, फ्लॅट कोणाचा? मृत्युपत्राला नातेवाईक आव्हान देऊ शकतात, मुलाच्या हक्काला सहजी देता येत नाही. म्हणून १९८२ मध्ये रस्टिन यांनी नेगल यांना दत्तक घेतलं.

प्रक्रिया लहान मुलाच्या दत्तकाची असते तशीच. समाजसेविका घरी येऊन घर ‘योग्य’ आहे का ते पाहून गेली, मुलगा बत्तीस वर्षांचा असला तरी. नेगल यांच्या जन्मदात्या आईला त्यांच्यावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करावी लागली. या मार्गातली खरी किंमत ही आहे: एक नातं कायद्यात आणायला दुसरं कायद्यातून पुसावं लागतं. शिवाय परत फिरणं अवघड. पुढे लग्न कायदेशीर झाल्यावर पेन्सिल्व्हेनियातल्या अशाच एका जोडप्याला आधी दत्तकविधान रद्द करून घेण्यासाठी वरच्या न्यायालयापर्यंत जावं लागलं, कारण बापलेकांचं लग्न होत नाही. रस्टिन-नेगल वेळेत निसटले असंही म्हणता येईल. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने ५७ आणि ५० वर्षांच्या दोन पुरुषांचा असाच अर्ज फेटाळला: दत्तकविधान जोडीदारांसाठी नाही.

मराठी वाचकाला मोठ्या माणसाचं दत्तक तसं परकं नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने पंधरा वर्षांची मर्यादा घातली, पण ‘रूढी असल्यास’ हा अपवाद ठेवला, आणि जुन्या मुंबई प्रांतात कोणत्याही वयाचा, अगदी लग्न झालेलाही, दत्तक घ्यायची रूढी होती. न्यायालयांनी ती मानली. तिथे हेतू गादी आणि पिंडदानाचा होता, चेल्सीत इस्पितळाच्या दाराचा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. त्यानंतर २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने एवढंच स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. आतड्याच्या आजाराने मध्यरात्री भरती झालेल्या माणसाच्या संमतीपत्रावर कोण सही करणार, हे त्यात नाही.

रस्टिन यांचं तसंच झालं. अपेंडिक्स फुटलं आणि २४ ऑगस्ट १९८७ ला ते गेले. त्याच्या आदल्या वर्षी कृष्णवर्णीय गे लेखकांच्या एका संकलनासाठी त्यांच्याकडे लेख मागितला होता. त्यांनी नकार कळवला: तरुणपणी मी या हक्कांसाठी लढलो नाही, आणि माझं गे असणं मी आपणहून जाहीर केलं नाही, परिस्थितीने ते उघड्यावर आणलं. न्यूयॉर्क टाइम्सने मृत्युलेखात नेगल यांची ओळख दिली ती अशी: प्रशासकीय सहायक आणि दत्तक मुलगा.