टेम्पोत सव्वाशे टन कांदा

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या काही आडत्यांचं हिशोबाचं ॲप आम्ही महापेत बसून सांभाळतो. गोण्या काट्यावर चढतात, वजनं टॅबवर पडतात, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, निघते. एका सकाळी गाळ्यावरून फोन आला, "मॅडम, टेम्पोत सव्वाशे टन कांदा उतरलाय म्हणतंय तुमचं ॲप. टेम्पो आहे का मालगाडी?"

पट्टी उघडली. वजन १२५०५२ किलो, दर २० रुपये, रक्कम २५,०१,०४०. शेतकरी खूश झाला असता, आडत्याने मात्र दुकान विकलं असतं.

माझी नजर अडली ती स्वल्पविरामावर. रकमेत होता, वजनात नव्हता. आमचा कोड प्रत्येक संख्येला स्वल्पविराम लावतो. म्हणजे वजन ही संख्याच उरली नव्हती, मजकूर झाला होता.

कच्चा डेटा काढला. २५ गोण्यांची बेरीज १२५०, बरोबर. सव्विसावी गोणी उसवली म्हणून पुन्हा तोलली होती, आणि फेरतोलाची वजनं ॲप वेगळ्या यादीत ठेवतं. त्यामुळे शेतकऱ्याच्या यादीत शेवटी ५२ नव्हे, तर ५२ असलेली एक छोटी यादी बसली होती. ॲप ज्या भाषेत लिहिलंय त्या जावास्क्रिप्टचं फ्लॅट() हे फंक्शन यादीतल्या याद्या उलगडतं, पण काही सांगितलं नाही तर एकच थर. गाडीच्या यादीतली शेतकऱ्याची यादी उलगडण्यातच तो थर संपला, आतली यादी तशीच राहिली. संख्येत यादी मिळवली की ही भाषा तक्रार करत नाही, दोन्हींचा मजकूर करून शेजारी चिकटवते: १२५० आणि ५२, झाले १२५०५२. पुढे गुणाकाराला त्याचीच मुकाट पुन्हा संख्या. फेरतोलात दोन गोण्या असत्या तर मधल्या स्वल्पविरामाने गुणाकार फसला असता आणि गडबड लगेच कळली असती. एकच होती, म्हणून आकडा दिमाखात छापला गेला.

(हे फ्लॅट फंक्शन भाषेत २०१९ साली आलं. आधी नाव फ्लॅटन ठरत होतं. पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीवरच्या साइट मोडायला लागल्या, म्हणून ते आखूड केलं.)

दुरुस्ती छोटी. बेरजेसाठी वेगळं फंक्शन लिहिलं: फ्लॅटला थरांची संख्या म्हणून इन्फिनिटी, म्हणजे अनंत, देऊन सगळे थर उलगडायचे, मग प्रत्येक घटक संख्याच आहे का ते पाहायचं, नसेल तर पट्टी अडवायची. नवी पट्टी निघाली, १,३०२ किलो, २६,०४० रुपये.

टीममधला एक जण म्हणाला, "मग सगळीकडेच इन्फिनिटी टाकू या की." मी नाही म्हटलं. ट्रकमध्ये चार शेतकऱ्यांचा माल असतो. सगळंच सपाट केलं तर कुठली गोणी कुणाची, हे कोण सांगणार?