चुन्याची ओळ

आमच्या केंद्रावर नदीचं पाणी लाल झालं की साहेबांचा फोन भाईंना येतो. भाई प्रयोगशाळेचे प्रमुख, माझ्याहून अकरा वर्षांनी सीनियर. फोन वाजला की ते खुर्चीतून उठून उभे राहतात. साहेब पणजीत बसलेले असतात, त्यांना काही दिसत नाही, तरी भाई उठतात. "हय साहेब, हय साहेब." गेल्या वर्षी जूनच्या मध्यावर एका सकाळी असाच फोन आला. वर्ष उलटलं, ती सकाळ माझ्या मनातून जात नाही.

केंद्राचं नाव लिहीत नाही, नदीचंही नाही. उत्तर गोव्यातलं जलशुद्धीकरण केंद्र आहे, सत्तरीच्या डोंगरांतून उतरणारं पाणी आम्ही उचलतो, एवढं पुरे. १२ एमएलडीचं केंद्र, म्हणजे दिवसाला १ कोटी २० लाख लिटर. लोकांना वाटतं, पाणी शुद्ध करणं म्हणजे क्लोरीन घालणं. नळाला थोडा वास आला की तक्रारी येतात. पण क्लोरीन शेवटचा. आमचा खरा झगडा गाळाशी असतो. पाण्यात मातीचे बारीक कण राहिले तर जंतू त्यांच्या आडोशाला बसतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून आधी तुरटी घालून ते कण एकत्र आणायचे, त्यांचे पुंजके खाली बसवायचे, उरलेलं वाळूच्या फिल्टरमधून गाळायचं आणि मग क्लोरीन. गढूळपणा एनटीयूमध्ये मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात १ एनटीयूपर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घ्यायचं, असं आहे.

तुरटी किती घालायची हे जार टेस्टवर ठरतं. एक एक लिटरचे सहा जार, प्रत्येकात वेगळा डोस, लिटरला इतके मिलीग्रॅम असा. एक मिनिट जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी हळू, मग अर्धा तास हात लावायचा नाही. ही टेस्ट मला भाईंनी शिकवली. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला दिव्यासमोर बसवलं आणि म्हणाले, "बाय, मीटर नंतर बघ. आधी डोळ्यांनी बघ. घरी ताक घुसळलंयस ना? लोणी यायला लागलं की रवी कशी हळू करतात? ह्याचंही तसंच. घाई केलीस तर जमलेलं मोडतं." पुंजका मोहरीएवढा झाला की कसा दिसतो, तांदळाच्या कणीएवढा झाला की कसा खाली उतरतो, दोन पुंजक्यांमधलं पाणी काचेसारखं कधी होतं, हे सगळं त्या माणसाने दाखवलं. तेवढा तयार डोळा मी अजून दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. म्हणूनच पुढचं लिहिताना मला त्रास होतो.

आदल्या रात्री घाटात तुफान पाऊस झाला. संध्याकाळी १४ एनटीयू असलेलं नदीचं पाणी सकाळी ३८० वर होतं. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी आमच्याकडे नेहमीच वाईट येतं. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, पण खाणमातीचे डंप जागच्या जागी उभे आहेत. जूनमध्ये ते थोडे थोडे नदीत उतरतात. मी पावणेआठला कदंबाच्या बसमधून उतरले तेव्हा काका, म्हणजे रात्रपाळीचे ऑपरेटर, दारातच उभे होते. "बाय, तुरटी ऐंशीवर नेलीय. साहेबांनी भाईंना फोनवर आकडा दिला. पण काय बसत नाही बघ."

जार टेस्ट झालीच नव्हती.

क्लॅरिफायरवर, म्हणजे पुंजके खाली बसवायच्या टाकीवर गेले तर पाणी दुधाळ तांबडं. पुंजका नाहीच, सगळीकडे नुसती धूसर पूड तरंगत होती. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना मीटरमध्ये घातला तर ९६. फिल्टरनंतर ९. फिल्टर एरवी चोवीस तासांनी बॅकवॉश करतो, म्हणजे उलटं पाणी सोडून धुतो, काकांनी पहाटेपासून दोनदा केला होता. मी कागद घेऊन आत आले तेव्हा भाई फोनवर होते, अर्थातच उभे. "हय साहेब, ऐंशी केलाय. तुमचा अंदाज म्हणजे काय, लगेच फरक पडला. ना ना, काळजी नको. सगळं ठीक आहे." मी ९६ आणि ९ लिहिलेला कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वाचला, मान हलवली आणि बोलत राहिले.

मी तेव्हाच मोठ्याने बोलायला हवं होतं. बोलले नाही, टेस्ट लावली.

सहा जार, २० पासून १२० पर्यंत, नुसती तुरटी. अर्ध्या तासाने सहाही जार गढूळ, आणि जास्त डोसचे जास्तच. ८० च्या जारचा पीएच ४.८. पुढचं मला कळून चुकलं होतं, तरी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला क्षार, काढली. १०० मिली पाणी, त्यात मिथाइल ऑरेंज, वरून थेंब थेंब आम्ल. मे महिन्यात रंग बदलायला ४.२ मिली लागायचं. त्या दिवशी १.८ मिलीलाच पिवळ्याचा नारिंगी झाला. म्हणजे लिटरला ४२ मिलीग्रॅमवरून १८.

हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गोम इथे आहे. तुरटी काम करताना पाण्यातला क्षार खाते, १ मिलीग्रॅम तुरटीला साधारण अर्धा मिलीग्रॅम. पाण्यात १८ असताना ८० तुरटी घातली तर तिला ४० हवे. आणायचे कुठून? क्षार संपला की पाणी आंबट होतं, पुंजके बांधले जात नाहीत, आणि वर तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात विरघळून लोकांच्या घरी जातं. आमचं पावसाळी पाणी जांभ्या दगडावरून धावत येतं, त्याला वाटेत चुनखडी भेटत नाही, म्हणून ते कायम असं पोकळ. त्यावर आमच्याकडे उपाय एकच, तुरटीबरोबर चुना. मी दुसरी टेस्ट लावली, तुरटी ४० आणि चुना १५. विसाव्या मिनिटाला जारमध्ये कणी दिसायला लागली. अर्ध्या तासाने वरचं पाणी स्वच्छ, खाली बोटभर लाल साका, पीएच ६.८. इतक्या वर्षांनंतरही तो क्षण मला आवडतो. काका मागे उभे होते, ते म्हणाले, "आलं लोणी."

१५ च्या डोसने दिवसाला १८० किलो चुना लागतो. कोठारात तीन पोती होती, हवा लागून दगड झालेली.

मे महिन्यातच मी पावसाळ्याच्या मागणीची टिपण्णी तयार केली होती. सहा बाबी. पाचवी बाब चुना, ६० पोती. फाइल काढली. वर गेलेल्या प्रतीत पाच बाबी होत्या. चुन्याची ओळ नव्हती. अनुक्रमांकही नीट बदलून घेतले होते, त्यामुळे मधून काही काढलंय हे कुणाच्या लक्षात येणार नाही.

"भाई, ही ओळ कुठे गेली?"

त्यांनी चष्मा काढला. "मार्चच्या बैठकीत साहेबांनी सांगितलं होतं ना, चुना बंद केला, खर्च वाचला, पाण्याला काही फरक नाही म्हणून. वरच्यांनी त्यांचं कौतुकही केलं. मग दोन महिन्यांत आपणच परत चुना मागितला तर त्यांना काय वाटेल?"

आता ह्यातली वाईट गोष्ट अशी, की साहेब मार्चमध्ये बरोबरच होते. उन्हाळ्यात तुरटी १० लागते, पाण्यात क्षार भरपूर असतो, चुन्याची गरज नसते. त्या बैठकीत "साहेब, जूनपर्यंत" एवढे दोन शब्द कुणीतरी म्हणायला हवे होते. तिथे भाई होते आणि ह्या नदीचं पाणी भाईंइतकं कुणाला कळत नाही. ते म्हणाले होते, "साहेब, हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं." मीही तिथेच चहा घेत बसले होते. मनात म्हटलं, किती पुढे पुढे करतात हे, आणि बिस्किट उचललं. तेव्हा मला वाटायचं की तोंडपुजेपणा म्हणजे असलं बोलणं, वाढदिवसाचा केक, चवथीला साहेबांच्या घरी माटोळीचं सामान पोचवणं. ह्यात पाण्याला काय होतंय? कागदावरची ओळ जाते हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

भाई म्हणाले, "थांब, मी बघतो. संध्याकाळपर्यंत नदी उतरेल. उगाच वर कळवायला नको."

टाकीत पाणी जातच होतं. माझ्या माहेरी हेच पाणी येतं. आई हंड्याच्या तोंडाला फडकं बांधते आणि म्हणते, आता स्वच्छ झालं.

साडेअकराला मी साहेबांना फोन लावला. सहा वर्षांच्या नोकरीतला पहिला. नंबर भिंतीवर डकवलेलाच होता, रोज डोळ्यांसमोर. हाताला घाम आला होता, आवाज चढला होता, आणि मी नमस्कारही न करता आकडे वाचले. ३८०, ९६, ९. पीएच ४.८. अल्कलिनिटी १८. चुना शून्य. पलीकडे शांतता. मला वाटलं, आता बदलीचा कागद. साहेबांनी विचारलं, "चुना किती हवा?" मग, "इनटेक अर्ध्यावर आणा, क्लोरीन वाढवा, मी पाठवतो." इनटेक म्हणजे नदीतून पाणी उचलणं. आणि ठेवता ठेवता म्हणाले, "हे मला मे महिन्यात का नाही सांगितलं?"

ह्या प्रश्नावर मी काय बोलणार होते? ओळ कुणी काढली ते सांगू शकले असते. नाही सांगितलं. भाई दोन हातांच्या अंतरावर उभे होते, आणि मी ६० पोत्यांची मागणी लिहिल्यावर ती पोचली का हे दीड महिन्यात एकदाही विचारलं नव्हतं. टिपण्णी भाईंच्या टेबलावर ठेवली, माझं काम झालं, असं धरून चालले होते.

दीड वाजता दुसऱ्या एका केंद्रावरून पिकअपने २० पोती आली. हेल्पर एकच होता. भाईंनी शर्ट काढला, बनियनवर आले आणि पावसात पोती खांद्यावरून आत नेली. त्यांना पाठीचा त्रास आहे. चुना कालवायच्या टाकीवर ते स्वतः उभे राहिले, कारण कालवलेला चुना किती दाट हवा ते त्यांना हातानेच कळतं. चार वाजता क्लॅरिफायरमध्ये पहिले पुंजके दिसले तेव्हा त्यांनीच मला हाक मारली, "बाय, ये बघ!" चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता. रात्री दहाला फिल्टरचं पाणी ०.८ वर आलं तोवर ते घरी गेले नव्हते.

शेवटी दोघंच लॅबमध्ये होतो. मी विचारलं, "भाई, तुम्हाला सकाळीच दिसलं होतं. तुम्हाला मीटरसुद्धा लागत नाही. साहेबांना ठीक आहे का सांगितलंत?"

ते हात धूत होते. चुना नखांतून निघत नव्हता. म्हणाले, "ते विचारतात, 'ठीक आहे ना?' त्या 'ना'ला दुसरं उत्तर असतं काय?"

ह्यावर मी वर्षभर विचार करते आहे. माझा राग कमी झालेला नाही. पहाटेपासून इनटेक अर्ध्यावर येईपर्यंत जे पाणी गेलं ते गेलं, आणि कौतुकाच्या चार शब्दांसाठी एक ओळ खोडणाऱ्या माणसाला मी भाबडा म्हणणार नाही. सप्टेंबरमध्ये त्यांची बढतीसाठी शिफारस गेली. शेऱ्यात 'जूनच्या पुरात तत्परतेने परिस्थिती हाताळली' असं होतं. मी तो वाचला आणि त्या दिवशी घरी कुणाशी बोलले नाही. पण "ठीक आहे ना?" असं विचारणारे साहेबही माझ्या डोक्यातून जात नाहीत. आकडा विचारला असता तर भाईंनी आकडा सांगितला असता, खोटा आकडा त्यांनी आयुष्यात लिहिलेला नाही. त्या दिवशीचं रजिस्टर मी नंतर पाहिलं. त्यांच्या अक्षरात सकाळी सातला लिहिलेलं होतं, क्लॅरिफायर १०४. त्यांनी मोजलं होतं.

मी भाईंशी भांडले नाही. दोन गोष्टी मात्र बदलल्या. रोज सकाळी साडेनऊला साहेबांना ग्रुपवर तक्ता जातो, तो आता मी पाठवते. त्यात 'स्थिती समाधानकारक' हा रकाना काढून टाकला आणि अल्कलिनिटीचा घातला. पहिल्या आठवड्यात भाई म्हणाले, एवढे आकडे साहेब बघत नाहीत. चौथ्या आठवड्यात साहेबांचा मेसेज आला, "२६ वर का आलं?" आणि दुसरी गोष्ट, मागणीची टिपण्णी मी स्वतः पणजीला नेते आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेऊन येते. एक दिवस जातो, कदंबाचं तिकीट माझ्या खिशातून.

ह्या मे महिन्यात चुना आला. पूर्ण ६० पोती. ओल लागू नये म्हणून लाकडी फळ्यांवर रचून घेतली, वर प्लास्टिक. मी मोजत होते तेव्हा मागे भाईंचा फोन वाजला आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हय साहेब. तुम्ही म्हणाला होता तसा चुना पावसाआधी भरून ठेवलाय. हो, तुमचं लक्ष असतं म्हणून." माझा आकडा चुकला. सत्तावीस की अठ्ठावीस ते आठवेना, तेव्हा पुन्हा पहिल्या पोत्यापासून सुरुवात केली.