रेल प्रेशर सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही

डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर रेल प्रेशरचा (रेल म्हणजे इंजेक्टरना दाबाखाली डिझेल पुरवणारी जाड नळी) कोड दिसतो आणि तासाभरात नवा सेन्सर बसतो. डिझेल ट्रकच्या कामात हे सर्रास चालतं. मग थोड्याच दिवसांत तोच दिवा पुन्हा लागतो, कारण बिघाड वायरीत असतो, अर्थमध्ये (निगेटिव्हच्या जोडणीत) असतो, नाहीतर रेलमध्ये खरोखरच प्रेशर कमी पडत असतं आणि जुना सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. कोड फक्त सर्किटचं नाव देतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर, तीन वायरी, कनेक्टर आणि ईसीएम (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) एवढं सगळं येतं, आणि त्यातलं नेमकं काय गेलं हे मल्टीमीटर लावल्याशिवाय कळत नाही.

सेन्सरचं काम सोपं आहे. ईसीएम त्याला एका वायरीतून ५ व्होल्ट देतो, दुसरी वायर अर्थची आणि तिसरी सिग्नलची. रेलमध्ये प्रेशर शून्य असेल तर सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट आणि सेन्सरच्या कमाल प्रेशरला ४.५ व्होल्ट. म्हणजे १८०० बारचा सेन्सर असेल तर मधल्या ४ व्होल्टमध्ये १८०० बार बसतात, दर व्होल्टला ४५० बार. आयडलला रेलमध्ये ३५० बार असतील तर सिग्नल १.२८ व्होल्टच्या आसपास यायला हवा. एवढा हिशोब डोक्यात असला की स्कॅनरचा आकडा आणि मीटरचा आकडा एकमेकांशी ताडून बघता येतो. सगळ्या मेकचे सेन्सर हीच रेंज वापरतात असं नाही, म्हणून त्या इंजिनच्या मॅन्युअलमधला तक्ता एकदा बघून घ्यावा.

आता कोड नीट वाचू. ट्रकवर तो बहुधा एसपीएन १५७ असा येतो (एसपीएन म्हणजे दोष कशात आहे हे सांगणारा नंबर) आणि खरी माहिती त्याच्या शेपटाला लागलेल्या एफएमआयमध्ये, म्हणजे दोषाचा प्रकार सांगणाऱ्या नंबरात असते. एफएमआय ३ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज मर्यादेच्या वर, ४ म्हणजे मर्यादेच्या खाली. हे दोन्ही विजेचे दोष आहेत, डिझेलचा इथे संबंध नाही. एफएमआय २ म्हणजे सिग्नल उड्या मारतोय किंवा पटण्यासारखा नाही. एफएमआय ०, १, १६ किंवा १८ आला तर ईसीएमचं म्हणणं असं की सिग्नल ठीक आहे, पण प्रेशर जास्त किंवा कमी आहे. अशा वेळी सेन्सरला हात लावायच्या आधी डिझेल फिल्टर, सक्शन लाइनमध्ये शिरणारी हवा, इंजेक्टरचं रिटर्न (टाकीकडे परत जाणारं डिझेल) आणि पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात जाणारं डिझेल कमी-जास्त करणारा) बघायचा. पी अक्षराने सुरू होणारे कोड देणाऱ्या गाड्यांत पी०१९२ म्हणजे सिग्नल कमी, पी०१९३ म्हणजे सिग्नल जास्त. पी००८७ म्हणजे प्रेशरच कमी. पी००८७ वर सेन्सर बदलणं हा बहुतेक वेळा पैशांचा चुराडा असतो.

कोड पुसायची घाई करू नका. तो चालू आहे की जुना साठलेला, किती वेळा आला, त्या वेळी आरपीएम, लोड आणि कूलंटचं तापमान किती होतं, हे आधी लिहून ठेवा. फक्त गरम इंजिनवर येणारा कोड आणि फक्त खड्ड्यात आदळल्यावर येणारा कोड, दोघांचा तपास वेगळ्या दिशेने जातो.

लक्षणंही बोलतात, पण ती उलटी वाचावी लागतात. सेन्सर खऱ्यापेक्षा कमी प्रेशर दाखवत असेल तर ईसीएम भरपाई म्हणून रेलचं प्रेशर वाढवतो. इंजिन कडक वाजतं, नॉक ऐकू येतो. सेन्सर जास्त दाखवत असेल तर खरं प्रेशर खाली येतं. गाडी लोड घेत नाही, धूर करते, सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. बऱ्याच इंजिनांना पेट घ्यायलाच रेलमध्ये २०० बारच्या आसपास लागतात. सिग्नल पूर्ण गेला तर काही ट्रकमध्ये रेलचा प्रेशर लिमिटिंग व्हॉल्व्ह (जादा प्रेशर बाहेर सोडणारा) उघडतो आणि गाडी ठरावीक प्रेशरवर, कमी ताकदीत, खडखडत चालते. अशी गाडी ओढत लांबवर नेऊ नये. तो व्हॉल्व्ह पुनःपुन्हा उघडून खराब होतो, आणि मग सेन्सर नवा असूनही प्रेशर टिकत नाही.

तपासणीची सुरुवात डोळ्यांनी. सेन्सरपासून हार्नेस (वायरींचा जुडगा) ईसीएमपर्यंत जाताना कुठल्या ब्रॅकेटवर घासतोय, क्लिप तुटून लोंबतोय, एक्झॉस्टजवळून गेलाय, हे टॉर्च घेऊन बघा. कनेक्टर काढून आत बघा: डिझेलने ओला आहे का, पिनांवर हिरवट थर आहे का, रबर सील फाटलंय का, लॉक तुटलंय का. वायर बाहेरून शाबूत दिसली तरी आतून तुटलेली असू शकते. इन्सुलेशन धरून हलकेच ओढलं आणि ते रबरासारखं ताणलं गेलं, तर आतली तार तुटलीच समजा.

मग मीटर. चावी ऑन, इंजिन बंद, कनेक्टर काढलेला. हार्नेसच्या बाजूने ५ व्होल्टची पिन आणि अर्थची पिन यांच्यात ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. नसतील तर मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून परत मोजा. आता ५ आले तर सेन्सरची अर्थ वायर तुटलेली आहे. तरीही आले नाहीत तर ५ व्होल्टची लाइन गेलीय. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची: ही ५ व्होल्टची लाइन बहुतेक वेळा बूस्ट, ऑइल प्रेशर अशा दुसऱ्या सेन्सरांनाही जाते. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळेच बसतात आणि स्कॅनरवर एकदम चार-पाच कोड उभे राहतात. मीटर लावून ठेवा आणि एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जा. ज्याच्या सुटण्याने ५ व्होल्ट परत येतात, तो चोर. सगळे काढूनही येत नसतील तर वायर कुठेतरी बॉडीला शॉर्ट आहे, नाहीतर ईसीएमकडे बघावं लागेल.

या वायरींवर बल्बचा टेस्टर कधीही लावू नये. तो ओढतो तेवढा करंट ईसीएमच्या ५ व्होल्टच्या लाइनला झेपत नाही. मीटरची जाड टोकंही पिनेत खुपसू नका. मादी टर्मिनल एकदा फाकलं की तिथे कायमचा ढिला कॉन्टॅक्ट तयार होतो आणि तपासणाऱ्यानेच नवा बिघाड घालून ठेवलेला असतो. बारीक टर्मिनल लावलेल्या जंपर वायरी करून ठेवाव्यात.

आता सर्वांत उपयोगी चाचणी. स्कॅनरवर रेल प्रेशर सेन्सरचा व्होल्टेज उघडा आणि कनेक्टर काढलेला असताना आकडा बघा. बऱ्याच ईसीएममध्ये सिग्नलची वायर आतून ५ व्होल्टकडे ओढलेली असते, म्हणून कनेक्टर काढल्यावर आकडा वर जातो आणि एफएमआय ३ येतो. मग जंपरने सिग्नल आणि अर्थ जोडा. आकडा शून्याकडे यायला हवा आणि एफएमआय ४ यायला हवा. काही ईसीएममध्ये उलट असतं, तिथे कनेक्टर काढल्यावर आकडा खाली जातो आणि सिग्नल ५ व्होल्टला जोडल्यावर वर येतो. मुद्दा एवढाच की आकडा दोन्ही टोकांना हलला पाहिजे. हलला, तर वायरी आणि ईसीएम दोन्ही ठीक आहेत आणि आता संशय सेन्सरवर घ्यायला हरकत नाही. हलला नाही, तर नवा सेन्सर खोक्यातच राहू द्या. ही चाचणी करताना ५ व्होल्ट आणि अर्थ थेट एकमेकांना जोडायचे नाहीत, आणि बॅटरीचे १२ किंवा २४ व्होल्ट कुठल्याही पिनेला लावायचे नाहीत.

एफएमआय ३ दिसला की सिग्नलची वायर शोधत बसणारे बरेच असतात. अर्थ तुटली तरी सिग्नल वरच जातो, म्हणून आधी अर्थ. अर्थ पूर्ण तुटलेली नसून नुसती कमजोर असेल तर प्रकरण आणखी चकवतं. सेन्सर जोडलेला ठेवून त्याची अर्थ पिन आणि ईसीएमची अर्थ पिन यांच्यात ०.१ व्होल्ट दिसला, तर सिग्नल तेवढ्याने वर उचलला जातो, म्हणजे १८०० बारच्या सेन्सरवर ४५ बारची चूक. कोड येईलच असं नाही, पण इंजिन वेगळं वागायला लागतं. वायरीचा रेझिस्टन्स मोजायचा असेल तर बॅटरी सोडवून, ईसीएमचा कनेक्टर काढून मोजा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १ ओहमच्या आत यावा. त्यातही मीटरकडे बघत हार्नेस हलवा. स्थिर धरलेली वायर खोटं बोलते. युरिया वापरणाऱ्या गाड्यांत चावी बंद केल्यावर युरियाचा पंप काही मिनिटं लाइन रिकामी करत असतो, तो थांबल्याशिवाय बॅटरी सोडवू नये.

वायरी निर्दोष निघाल्या की सेन्सरची परीक्षा. रात्रभर उभ्या गाडीत चावी ऑन करा. रेल प्रेशर शून्याजवळ आणि व्होल्टेज ०.५ च्या आसपास हवा. थंड इंजिनवर, चावी नुसती ऑन असताना स्कॅनर १०० बार दाखवत असेल तर त्या सेन्सरचं माप सरकलेलं आहे. मग इंजिन चालू करून हळूहळू आरपीएम वाढवा. व्होल्टेज एकसारखा चढायला हवा, मधेच गळून परत येता कामा नये. फक्त गरम झाल्यावर कोड येत असेल तर सेन्सरच्या बॉडीला हीट गनने बेताने गरम करून आकडा बघता येतो.

नवा सेन्सर घेताना पार्ट नंबरच बघा, तोंडावळा नाही. १५००, १८०० आणि २००० बारचे सेन्सर एकाच बॉडीत, एकाच कनेक्टरचे मिळतात. १८०० च्या जागी १५०० बारचा बसवला तर रेलमध्ये खरे १००० बार असताना तो ३.१७ व्होल्ट देतो आणि ईसीएम ते १२०० समजतो. प्रेशर खाली आणलं जातं, गाडी मरगळते. २००० बारचा बसवला तर १००० बारला ईसीएमला ९०० दिसतात आणि रेल, इंजेक्टर, पंप सगळे कायम जास्त प्रेशरवर चालतात. कोड दोन्हीकडे येईलच असं नाही.

काढण्याआधी इंजिन बंद करून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, निदान १० मिनिटं. सेन्सरच नादुरुस्त असल्याने स्कॅनरवर शून्य दिसतंय म्हणून रेल रिकामी झाली असं धरू नका. या प्रेशरची बारीक धार कातडीतून आत शिरते. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं. इंजिन चालू असताना रेलचा कुठलाही जोड ढिला करायचा नाही, हवा काढण्याच्या नावाखालीही नाही.

सेन्सरच्या भोवतालची जागा क्लीनरने धुऊन, हवा मारून स्वच्छ करा, मगच पाना लावा. इंजेक्टरच्या आतली फट काही मायक्रॉनची असते, त्यामुळे रेलमध्ये पडलेला एक कण पुरेसा आहे. म्हणूनच कॉटन वेस्ट वापरू नये. अनेक सेन्सरांना २७ चा पाना बसतो. लांब सॉकेट उत्तम, आणि जोर फक्त लोखंडी षटकोनावर, प्लॅस्टिकवर अजिबात नाही. नव्या सेन्सरचं झाकण अगदी शेवटच्या क्षणी काढा. टेफ्लॉन टेप किंवा सीलंट लावायचं नाही, कारण सीलिंग थ्रेडवर होतच नाही. सेन्सरच्या टोकाची धातूची कड रेलमधल्या बैठकीवर दाबून बसते. जुन्या काही प्रकारांत वॉशर असतो, तो नवाच घालावा. आधी हाताने पूर्ण फिरवून घ्या, मग टॉर्क पाना. एम१८×१.५ थ्रेडच्या सेन्सरांना साधारण ७० न्यूटन मीटर आणि एम१२×१.५ च्यांना साधारण ३५ लागतात, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. गळतंय म्हणून अंदाजाने आणखी आवळलं तर रेलची बैठक खराब होते आणि मग अख्खी रेल बदलावी लागते. नुसतं बघण्यापुरता दुसऱ्या गाडीचा सेन्सर काढून लावणं याच कारणासाठी टाळावं. एकदा दाबलेली कड परत तितकी चांगली बसत नाही.

पुढे हँड पंपाने डिझेल भरून घ्या, सेल्फ मारा, आयडलवर ठेवा. गळती बघायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. कोड पुसा, काही इंजिनांत स्कॅनरमधून जुने शिकलेले आकडेही रीसेट करावे लागतात. मग गाडी लोडवर, शक्यतो चढावर चालवून मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर असे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी बघा. स्थिर लोडवर ते जवळजवळ हवेत. मागितलेलं चढत जातंय आणि मिळालेलं मागे पडतंय, तर पुढचं काम रिटर्नचं माप घेण्याचं आहे, आधी इंजेक्टरचं आणि मग लिमिटिंग व्हॉल्व्हचं. तिथून गाडी चालू असताना डिझेल परत येत असेल तर तो व्हॉल्व्ह आधीच्या खडखडाटात गेलेला आहे. आणि हार्नेस जिथे घासत होता तिथली क्लिप नवी बसवल्याशिवाय गाडी बाहेर सोडू नका.