घरातलं नमपाय, बाहेरचं मॅटप्लॉटलिब

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी भट्टीच्या तापमानाचे आलेख काढून देणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिलीय मी. परवा रात्री ती राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत अचानक आडवी झाली. म्हणे, नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या आवृत्ती १ वर कम्पाईल केलेलं मॉड्यूल आवृत्ती २ वर चालणार नाही.

आता व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे या स्क्रिप्टसाठीचं पॅकेजेसचं वेगळं फोल्डर, मीच केलेलं, मग आत जुनं काही आलं कुठून? आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब परत टाकायला गेलो तर पिप (पॅकेजेस टाकणारं साधन) म्हणतो, आधीच आहे. हे वाक्य मला सगळ्यात जास्त डिवचतं.

शेवटी मॅटप्लॉटलिबची फाइल नेमकी कुठली, ते छापून बघितलं. पत्ता निघाला सिस्टीमच्या डिस्ट-पॅकेजेसचा, म्हणजे सिस्टीमच्या स्वतःच्या पॅकेजेसच्या फोल्डरचा! उबुंटू २४.०४ या ऑपरेटिंग सिस्टीमसोबत नमपाय १.२६ येतं, आणि तिथलं मॅटप्लॉटलिब त्याच्याच जोडीचं. एन्व्हायर्नमेंटची सेटिंग फाइल पायव्हेन्व्ह.सीएफजी उघडली तर सिस्टीमची पॅकेजेस घेण्याची ओळ 'ट्रू'. डाउनलोड वाचवायला तो पर्याय मीच दिलेला, कंजूषपणा नडला. नमपाय २ मात्र मी आत टाकलेलं, आणि आतलं आधी सापडतं, म्हणून जुन्या मॅटप्लॉटलिबची गाठ नव्या नमपायशी पडली.

मित्राला फोन केला तर तो म्हणाला, "भावा, सिस्टीमचं नमपायच वर चढव की." अजिबात नाही. त्या पायथनवर उबुंटूची स्वतःची साधनं चालतात, आणि तिथं पिप तसाही अडवतो.

फोल्डर उडवलं, तो पर्याय न देता नवं केलं, सगळं आतच टाकलं. तोवर मिसळीचं दुकान उघडायची वेळ झाली होती.