वरच्याप्रमाणे

बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी चेकवरच्या सह्या पडताळण्यात. निवृत्त झालो तेव्हा मुलीनं ट्रेकिंगचे बूट आणून दिले. ते अजून खोक्यात आहेत. मी मोडी लिपीच्या वर्गाला जाऊन बसलो, परीक्षा दिली आणि आता कागद वाचून देतो.

लोकांना वाटतं, मोडी म्हणजे पेशवाईतली पत्रं. माझ्याकडे येतात ती खरेदीखतं आणि वाटणीपत्रं. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली, तेव्हापासून गाव नमुना 14 च्या नकलाही येतात. तोच कोतवाल बुक, गावातल्या जन्ममृत्यूंची वही. ओबीसी दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि जुन्या वह्या मोडीत.

मोडी लिहिणारा आधी रेघ ओढतो, मग अक्षरं तिला टांगत हात न उचलता पळत सुटतो. शब्द कुठं संपला ते दिसत नाही, ह्रस्वदीर्घाचा पत्ता नाही. वर्गातली वळणदार बाराखडी इथं फारशी कामाला येत नाही. मी पहिली दहा मिनिटं काही वाचतच नाही. मृत्यूच्या पानावर ‘मयत’ हा शब्द ओळीओळीला येतो, तो पकडतो. म, य, त हाताला लागले की लिहिणाऱ्याची खोड कळते. ही बँकेची विद्या. सही वाचायची नसते, हात ओळखायचा असतो.

गेल्या महिन्यात माण तालुक्याकडचा एक जण म्हाताऱ्या आईला घेऊन आला. पान 1918 च्या ऑक्टोबरचं, पणजोबांचं नाव असलेलं. त्याला एकच रकाना हवा होता, जातीचा. त्या रकान्यात ‘सदर’ लिहिलेलं. म्हणजे वरच्याप्रमाणे. त्याच्यावर सदर, त्याच्यावरही सदर, आणि पानाचा माथा वाळवीनं खाल्लेला.

“मग कुणबी लिहा की, काका. मोडी कुणाला वाचता येतीय?”

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा ऐकतो. आमच्यातलेही काही लिहून देतात, जादा पैसे घेऊन. चेकवरची सही जुळली नाही तर मी चेक परत पाठवायचो, मग समोर कोणी का असेना. इथंही त्याला सांगितलं, आधीच्या पानाची नक्कल काढून आण, तिथं जात स्पष्ट असेल. तो वैतागला. तहसील कचेरीत एका पानासाठी तीन खेपा झाल्या होत्या त्याच्या, त्याचंही चुकलं नाही.

गप्प बसलो असतो तर काम तिथंच संपलं होतं. पण मी बाकीची ओळ वाचून दाखवली. पणजोबांचं नाव ‘बाप’ म्हणून होतं. मयत मुलगी, वय सहा, कारण ताप. चार ओळी सोडून पुन्हा तेच नाव: मुलगा, वय तीन, ताप. दोघांत चार दिवसांचं अंतर. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचे दिवस ते, सगळं पानच तापाचं.

आई तोवर पंख्याखाली डोळे मिटून बसली होती. म्हणाली, “आमच्यात पितरांच्या पानाशेजारी दोन घास जादा ठेवत्यात. कुणाचं, ते सासूला बी ठावं नव्हतं.” मग मला म्हणाली, “नावं वाचा.” मुलीच्या नावावर वाळवीचं भोक होतं, मुलाचं नाव नुसतं ‘बाळू’. मी दोनदा वाचलं. तिचा मुलगा मोबाइलमध्ये तहसीलचा नंबर शोधत होता.

न विचारलेलं वाचावं का? वर्गात हे कोणी शिकवत नाही. कागद आणणारा मागतो तेवढंच द्यायचं, असं एक जाणकार मला म्हणाले होते, आणि बँकेत तर मी तसाच वागायचो. पैसे घेतले नाहीत. आई शेंगांची पिशवी ठेवून गेली.

रात्री मोबाइलवरचा फोटो मोठा करून पुन्हा बघत बसलो. बाळूच्या ओळीनंतर हात बदललाय. ‘मयत’मधला त आधी खाली गाठ मारून थांबायचा, आता सरळ पुढं निघून जातो. शाई तीच आहे. आधीचा लिहिणारा कुठं गेला, हे पुढच्या ओळींत कुठं सापडतं का ते शोधतोय. तीन ओळी लागल्यात, दोन अजून लागत नाहीत.